वासराच्या उंचीवर

उणे सत्तावीस.
कौहावाच्या पलीकडे, रस्ता संपतो तिथे,
आउलिस रिन्तामाकीचा गोठा
खिडक्यांपर्यंत बर्फात रुतलेला.
छताजवळच्या झडपांत त्याने कोंबलेली
खताची रिकामी पोती, एक जुना स्वेटर,
एका ठिकाणी तर उशी.

"ऊब जाते बाहेर," तो म्हणाला,
जणू मी विचारलंच होतं.

पेटीतून यंत्र काढलं. साबणाच्या वडीएवढं.
त्याला थंडी सोसत नाही, म्हणून कोटात धरून,
फक्त तोंड बाहेर ठेवून,
अंगणात उभी राहिले दहा मिनिटं
आणि त्याला शून्य शिकवलं.
तोवर बोटं माझी उरली नव्हती.

आत एकेचाळीस गाई, रवंथ,
रेडिओवर हवामानाच्या बातम्या,
कोपऱ्यात नऊ वासरं.
त्यांतलं एक खोकत होतं
म्हाताऱ्या माणसासारखं, तोंड फिरवून,
कुणाला त्रास नको म्हणून.

"कसला वास?" आउलिसने विचारलं.
नाकासमोर चालणारा माणूस.
पण ते नाक चव्वेचाळीस हिवाळ्यांपूर्वी
या गोठ्यात कामाला लागलं
आणि निवृत्त कधी झालं
ते त्यालाही कळवलं नाही.

माझ्या छातीशी यंत्र म्हणालं: दहा लाखांत चौदा.
चौदा म्हणजे बरं. चौदावर कॉफी पिऊन निघता येतं.
पण ते चौदा माझं होतं.
वासरू माझ्या छातीच्या उंचीवर जगत नाही.

मी गुडघे टेकले. ओल पँटमधून वर चढली.
यंत्र त्याच्या नाकपुडीशी नेलं, त्याने ते चाटून पाहिलं,
आकडा थांबेपर्यंत
आम्ही दोघं एकमेकांच्या श्वासात.

एकतीस.

आउलिसने आकड्याकडे असं पाहिलं
जसं शेजाऱ्याच्या कुत्र्याकडे पाहतात.
"यंत्र चुकतंय."
मी म्हटलं, "इथे या. खाली."

येणार नाही असं वाटलं होतं.
एक हात कठड्याला, एक खांबाला,
सत्तर वर्षांचे गुडघे एकेक करून दुमडत
तो आला, आणि बसला नाही,
आडवाच झाला पेंढ्यावर,
वासराच्या शेजारी गाल टेकून.
रेडिओ म्हणत होता, उद्याही वारा नाही.

नाकाने काही सांगितलं नसणार.
डोळ्यांनी सांगितलं.
पाणी आलं ते थांबेना,
बाहीने पुसत राहिला.
अमोनियाच होता तो.
बाकी काही असेल तर
मोजायचं साधन माझ्याकडे नव्हतं.

"खोकला फेब्रुवारीत जातो," तो म्हणाला. "दरवर्षी."
मग जरा वेळाने:
"सगळ्यांचा नाही."

पोती निघाली. स्वेटर निघाला.
उशी केर्त्तूची होती,
कितीतरी वर्षं शोधत होती म्हणे.

घरात शिरताना तिने त्याचा कोट
बाहेरच्या पडवीत टांगला.
आज पहिल्यांदा त्याने ते पाहिलं.
"तिथे का?"
"त्र्याऐंशीपासून तिथेच टांगते."
"बोलली नाहीस कधी."
"तू आत यायचास ना," ती म्हणाली
आणि राईचा पाव कापू लागली.

यंत्र तिथेच राहिलं, गजाला बांधलेलं,
माझ्या गुडघ्याच्या जरा वर.
मी साठ किलोमीटर दूर, अंथरुणात, फोनच्या उजेडात:
सव्वीस. एकवीस. सतरा.
पहाटे तीनला पुन्हा चोवीस,
म्हणजे कुणीतरी उठलं होतं,
कुणाला तरी ऊब आठवली होती.
फोन करावा का? नंबर काढून ठेवला.

साडेतीनला एकोणीस. चारला बारा.
आणि त्याचा निरोप, ज्याने आजवर
मला कधी दोन ओळी लिहिल्या नव्हत्या:

एक झडप लावली होती. उघडली.
त्याला माझा कोट घातलाय.